पलंगामागचा आकडा

१

बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा. इंटरनेट रुसलं की जगातला प्रत्येक शहाणा माणूस हेच सांगतो. मी वर्षभराहून जास्त दिवसातून तीन-चार वेळा हेच करत आले. आमचा राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर आहे, कारण बाहेरून आलेली वायर तिथवरच पुरते. आतल्या खोलीतलं काम टाकून उठायचं, बाहेरच्या खोलीत यायचं, आईच्या पलंगाला वळसा घालायचा, वाकायचं, बटण दाबायचं आणि मोजायचं. मोजता मोजता आईकडे बघायचं. ती आधीपासून माझ्याकडे बघत असायची.

"पुन्हा गेलं गं," मी म्हणायची.

"राहू दे," आई म्हणायची.

एवढे दोनच शब्द तिच्याकडे उरले होते. चौदा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. काही जणांकडे एखादा शब्द मागे राहतो, असं डॉक्टर म्हणाले. आईनं जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि कुणी मदतीला हात पुढे केला की "राहू दे" म्हणून तो मागे सारला. तेच तिच्या वाट्याला आलं. पाणी देऊ? राहू दे. कूस बदलू? राहू दे. त्यातला हो कुठला आणि नाही कुठला, ते मला सुरावरून बरोबर कळायचं.

माझं काम ऐकण्याचं आणि टाइप करण्याचं. कॉलेजात ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी प्राध्यापक बोलतील ते शब्द त्याच क्षणी पडद्यावर उमटवायचे. प्राध्यापक तिकडे, मुलं तिकडे, मी घरी. नेट गेलं की प्राध्यापकांचं तोंड हलत राहतं आणि पडद्यावर अर्धं वाक्य लटकून राहतं. मागच्या महिन्यात असं अकरा वेळा झालं. माझ्यावर देखरेख करणाऱ्या बाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "अजून तीनदा झालं, तर तुला ऑफिसात येऊन बसावं लागेल. माझ्या हातात काही नाही गं."

ऑफिसला जायला दोन तास, यायला दोन. तेवढा वेळ आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. दादानं वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून भरूनही ठेवला होता. "तुझे हाल बघवत नाहीत," असं तो फोनवर म्हणायचा. बघवत नाहीत म्हणून तो बघायला येतही नसे.

थोडक्यात, आणखी तीनदा नेट गेलं की आई जाणार होती. बाकी सगळं मला चाललं असतं.

२

शनिवारी सकाळी तंत्रज्ञ आला. पाठीवर एवढी मोठी पिशवी होती की तो आत आला तरी पिशवी थोडा वेळ दारातच होती. मी मनातल्या मनात त्याचं नाव गाठोडेवाला ठेवलं.

त्यानं लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. त्यात मोठ्या अक्षरात एकच आकडा दिसायचा, शंभरपैकी किती सिग्नल येतोय तो.

"हा आकडा बघायचा, ताई. कोपऱ्यात त्या पंख्यासारख्या रेघा असतात ना, त्या आपली समजूत घालायला असतात."

माझ्या कामाच्या टेबलापाशी आकडा एकसष्ट होता. गाठोडेवाला लॅपटॉप हातावर घेऊन घरभर फिरला. मग बाहेरच्या खोलीच्या मधोमध स्टुलावर लॅपटॉप ठेवून मला म्हणाला, "आता गंमत बघा." आकडा शहाण्णव होता. तो राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये उभा राहिला. आकडा ऐंशीवर आला. बाजूला झाला, पुन्हा शहाण्णव.

"माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. पाणी सिग्नल पितं. मी सोळा पितो. या, तुम्ही उभ्या राहा. ब्याऐंशी. तुमचे चौदा." मग त्यानं लॅपटॉप आईच्या पलीकडे, भिंतीला टेकवून धरला. तिच्या वर धरला तर शहाण्णव, तिच्या आड चौऱ्याऐंशी. "आजींचे बारा."

"वाळलीय ती," मी म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली. गाठोडेवाला हसला. त्याला वाटलं, आई गमतीत सामील झाली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत सरळ रेघ ओढली तर वाटेत आईचा पलंग होता आणि पलंगाला लागून लोखंडी कपाट. राउटर वर उचलायला वायर पुरत नव्हती. तेव्हा पलंग आणि कपाट वाटेतून काढायचं. चौदा महिने मी तीसपर्यंत मोजत बसले आणि अडचण माझ्या डोळ्यांसमोर अंथरुणावर पडून होती. काखेत कळसा, दुसरं काय.

३

आईचा पलंग झटक्याच्या दिवसापासून आतल्या भिंतीला चिकटून होता. डोक्याशी कपाट, पायाशी तिचं शिलाई मशीन. आत शिरायला एवढीशी बोळ. मी रोज त्यातून आडवी होऊन जायची आणि रोज माझं कोपर मशीनच्या चाकाला लागायचं.

गाठोडेवाला आणि मी, दोघांनी मिळून आधी मशीन सरकवलं. मग तो कपाटाला हात घालायला गेला, तेव्हा आईनं डाव्या हातानं कपाटाची मूठ धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "राहू दे. राहू दे."

"आजींना सवय झालीय जागेची," गाठोडेवाला म्हणाला.

सुरावरून मला सगळं कळतं, असं मी वर लिहिलंय. त्या दिवशीही कळलं होतं. कळूनसुद्धा मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

पलंग खिडकीपाशी गेला. पडदा ओढता यावा म्हणून खिडकीच्या बाजूलाही हातभर जागा सोडली. आता तो सगळ्या बाजूंनी मोकळा होता, कुणीही सहज येऊन जवळ उभं राहावं असा. गाठोडेवाल्यानं घरातल्या नऊ जागांचे आकडे मला एका कागदावर लिहायला लावले. टेबल, अठ्ठ्याऐंशी. त्या यादीत खिडकीच्या कट्ट्याचे दोन आकडे आहेत. आई खुर्चीत असताना चौऱ्याण्णव. आई पलंगावर असताना ब्याऐंशी.

"बघा, आजींचे बारा इथेही आले," तो म्हणाला. "हिशेब जुळला की मला रात्री झोप लागते."

४

सोमवार, मंगळवार, बुधवार. नेट एकदाही गेलं नाही. तीन दिवस सलग पूर्ण वाक्यं टाइप करायला मिळणं हे काय सुख असतं, ते ज्याला मिळालं नाही त्यालाच विचारा. बुधवारी मी आईचे केस धुतले आणि तिला गाणं म्हणून दाखवलं. इतकी मी खुशीत होते.

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आकडा बहात्तरवर आला. कुणी बटण फिरवल्यासारखा एकदम. पाचव्या मिनिटाला नेट गेलं. पहिली खेप. पावणेएकला आकडा आपणहून परत अठ्ठ्याऐंशी झाला.

शुक्रवारी नेट कसंबसं टिकलं, पण आकडा तसाच पडला. अकरा दहा, बहात्तर. मी गाठोडेवाल्याला फोन लावला.

"बंद करून तीसपर्यंत मोजलं?"

"मोजलं."

मग त्यानं फोनवरून मला सगळ्या कसरती करायला लावल्या. लॅपटॉपला आपल्याच घराचं नेटवर्क विसरायला लावायचं आणि पासवर्ड टाकून पुन्हा ओळख करून द्यायची. राउटरचा चॅनल बदलायचा. बॅटरी वाचवायची सोय बंद करायची. वायफायचा ड्रायव्हर काढून टाकायचा, परत घालायचा. मायक्रोवेव्ह ओव्हन बंद करायचा, शेजारणीलाही बंद करायला सांगायचा. शेजारणीनं केला, वर माझ्याकडे बघून मान हलवली. आकडा बहात्तरच.

"किती पडतो म्हणालात?"

"सोळा."

"सोळा?" तो हसला. "मग मीच येऊन उभा राहिलोय की काय वाटेत?"

मलाही हसू यायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि कामाला बसले.

५

सोमवारी अकरा ते साडेअकरा मला सुट्टी होती. अकरा दहाला आकडा पडला, तशी मी लॅपटॉप हातावर घेतला आणि बाहेरच्या खोलीत राउटरपाशी जाऊन उभी राहिले.

सत्त्याण्णव. एक पाऊल आत. सत्त्याण्णव. आणखी एक. शहाण्णव. तिसरं पाऊल टाकलं आणि ऐंशी.

मागे आले. शहाण्णव. पुढे. ऐंशी.

हात फिरवून पाहिला. काहीही लागलं नाही. गारवा नाही, वास नाही. हवा हवेसारखी होती. मशीनच्या खणातून मी आईचा खडू काढला, कापडावर खुणा करायचा तो निळा चपटा तुकडा, आणि फरशीवर रिंगण आखून खूण केली. दारापासून दोन-अडीच हात आत. दार उघडलं की आलेलं माणूस, पुढे यावं की नाही अशा विचारात, जिथे थांबतं ती जागा.

मग डावीकडे, उजवीकडे सरकत कुठपासून कुठपर्यंत आकडा पडतो ते पाहिलं आणि आईची टेप लावली. साडेसतरा इंच.

शिंपिणीच्या मुलीला साडेसतरा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आईनं चाळीस वर्षं लोकांचे खांदे मोजले, आणि शेजारी बसून मी ते आकडे वहीत लिहून घेतले. ती मापांची वही कपाटात खालच्या कप्प्यात आहे. मी ती काढली नाही.

मी डोकं चालवलं. फरशीखालून नळ जात असेल. वरच्या मजल्यावर कुणी नवीन यंत्र आणलं असेल. भिंतीला ओल आली असेल. लोकांच्या भाषणातली वाक्यं दिवसभर टाइप करून माझीही समजूत त्यांच्यासारखीच झालीय: प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते तीन मुद्द्यांत सांगता येतं.

वर पाहिलं तर आई बघत होती. माझ्याकडे नाही, खडूच्या खुणेकडेही नाही. खुणेच्या वर, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

६

नळ चालत नाहीत. मंगळवारी खूण दोन हात पुढे करावी लागली. बुधवारी आणखी पुढे, मशीनच्या चाकापाशी. त्या दिवशी नेट दुसऱ्यांदा गेलं. वेळही वाढली होती. आता अकरा दहाला सुरू व्हायचं ते तीनपर्यंत. बाईंचा निरोप आला. "आता एकच उरलं गं."

मी टेबल हलवलं. खोलीच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, जिथे सिग्नल अडवणारी ती सावली पोचत नव्हती तिथे. आकडा सत्त्याहत्तर मिळत होता, नेट टिकत होतं. फार नव्हतं, पण भागत होतं. दमलेल्या माणसाला भागत असलं की तो पुढचं विचारत नाही.

मंगळवार-शुक्रवार आईला व्यायाम द्यायला एक मुलगी येते, तिला मी व्यायामवाली म्हणते. शुक्रवारी ती आली तेव्हा मी लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यापाशी धरून उभी होते. खूण आता पलंगाच्या पायथ्याशी होती.

"हे काय चाललंय, ताई?"

"वायफाय बघतेय."

"माझ्याकडेही असंच आहे हो. नुसता वैताग." ती येऊन पलंगाच्या पायथ्याशी, बरोबर खडूच्या रिंगणात उभी राहिली आणि आईचा पाय हातात घेतला. माझ्या समोरचा आकडा त्रेपन्नवर आला.

मी वजाबाकी केली. आईचे बारा. व्यायामवालीचे, धरा, चौदा. इकडचा-तिकडचा दोन-एकचा फरक. तरीही तेरा-चौदा उरत होते. त्यांना बसायला कुणी अंग मिळत नव्हतं.

"आजी आज मस्त एका जागी नजर ठेवताहेत," व्यायामवाली म्हणाली. "चांगलं लक्षण आहे हे."

७

पुढच्या सोमवारी उभ्यानं धरलेल्या लॅपटॉपवर आकडा पडलाच नाही. मला इतकं बरं वाटलं की मी स्टुलावर बसले. बसले आणि आकडा पडला.

म्हणजे ते आता खाली होतं. पलंगाच्या कडेच्या उंचीला.

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बघत राहिले. आई छताकडे बघत होती. मग तिनं हळूच डावा पाय वर ओढून घेतला. उजवा तिच्यानं हलत नाही. तिनं डाव्या पायानं त्याला ढकलत ढकलत आत घ्यायचा प्रयत्न केला, तो बोटभर सरकला आणि तसाच वाकडा पडून राहिला. पलंगाच्या कडेला एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली. आपल्याकडे कुणी भेटायला आलं, की आजारी माणूस करून देतं तेवढी.

दुपारी मी काम करत असताना भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता. "राहू दे." मग थोडा वेळ शांतता. "राहू दे." पुन्हा शांतता. मधल्या शांततेत कुणी बोलत होतं असं नाही. मला काही ऐकू आलं नाही, आणि ऐकणं तर माझा धंदा आहे. पण आई उत्तरं देत होती. कुणीतरी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारावी आणि हिनं नाही म्हणावं, तसा सूर होता. प्रत्येक वेळी थोडा अधिक दमलेला.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. "रविवारी ये. पलंग परत भिंतीला लावायचाय."

"अगं, आत्ताच तर हलवलात ना? मग नेटचं काय?"

"जाईल."

"आणि नेट गेलं की ऑफिस. ऑफिस म्हटलं की आईला…" तो थांबला. "तूच म्हणत होतीस, काही झालं तरी आईला कुठे पाठवायचं नाही म्हणून. नक्की काय ते ठरव बाई एकदा."

मी ठरवलं. रविवारपर्यंत थांबायचं. तोवर कोपऱ्यात बसून भागत होतं.

पलंग एकटीला ओढवला नसता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पलंगाला चाकं आहेत.

८

गुरुवारी अकरा दहाला मी टेबलाच्या जुन्या जागी लॅपटॉप धरून पाहिला आणि आकडा पडला नाही. सव्वा, साडे, बारा. अठ्ठ्याऐंशी. मी टेबल पुन्हा जागेवर आणलं. नव्वद. दिवसभर प्राध्यापक बोलत राहिले आणि मी एकही शब्द न सांडता टाइप करत राहिले. एकदाही उठावं लागलं नाही. पाच वाजता बाईंनी स्वतः फोन करून शाबासकी दिली. "सुटलीस बाई एकदाची," त्या म्हणाल्या.

पाच वाजता माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी भिंतीपलीकडचं एकही "राहू दे" ऐकलेलं नाही.

आई जागी होती, उशीला टेकून. मी पेला पुढे केला. तिनं तोंड उघडलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. काही बोलली नाही. दमली असेल, मी म्हटलं. मीही दमले होते. दिवा मालवताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला. कोमट होतं, रोजच्यासारखं.

शुक्रवारी व्यायामवालीनं आतून मला हाका मारल्या. "ताई, ताई, लवकर या! बघा तरी!" आईचा उजवा पाय तिच्या हातात होता, आणि तो पाय वाकत होता, सरळ होत होता. पुन्हा वाकत होता. "चौदा महिन्यांनी! असं मी कधी पाहिलं नाही हो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भली पोर आहे.

दादाला तिनंच फोन लावून दिला. "फॉर्म फाडून टाकतो," दादा म्हणाला. "रविवारी येतोच, पण पलंगबिलंग हलवायला नाही, पेढे… काहीतरी गोड घेऊन. जिंकलीस तू." मी हो म्हणाले. मला आनंद झाला होता का? झाला होता. तो खोटा नव्हता. फक्त त्याला बसायला जागा सापडत नव्हती.

चार वाजता गाठोडेवाल्याचा फोन आला. त्याला माझी तक्रार बंद करायची होती.

"नऊच्या नऊ जागांचे आकडे वाचून दाखवा, ताई. एक औपचारिकता."

मी लॅपटॉप घेऊन फिरत एकेक सांगत गेले. त्याण्णव, नव्वद, पंच्याण्णव.

"वा! अगदी रिकाम्या घरासारखे आकडे आले की. खिडकीचा कट्टा?"

"चौऱ्याण्णव."

"हां, आजींना खुर्चीत बसवलंत वाटतं."

मी मान वळवली. खुर्ची रिकामी होती. राउटर आणि माझ्यामध्ये पलंग होता आणि पलंगावर आई होती, छातीवर पांघरूण, बाहेर दोन हात.

"नाही," मी म्हणाले. "पलंगावरच आहे."

हिशेब जुळल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

"मग आकडा अडकला असेल," तो म्हणाला. "असं करा, एकदा बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा."

९

मी बंद केला. चपलांच्या कपाटापाशी वाकून मोजायला लागले. एक, दोन, तीन. मोजता मोजता सवयीनं आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. "पुन्हा गेलं गं," असं मी म्हणाले नाही. बारा, तेरा. तिनं पापणी हलवली. चेहरा तिचाच होता, भुवईवरचा सुईचा जुना व्रण तिचाच होता. एकोणतीस, तीस.

चालू केला. खिडकीपाशी गेले. चौऱ्याण्णव.

लॅपटॉप कट्ट्यावर ठेवला, पडदा तिकडून दिसेल असा वळवला, आणि पलंगाला वळसा घालून राउटरच्या बाजूला आले. आकडा अडकलाय का, एवढंच बघायचं होतं. मी वाटेत उभी राहिले. ऐंशी. बाजूला झाले. चौऱ्याण्णव. पुन्हा उभी राहिले. ऐंशी. माझे चौदा बरोबर जात होते. यंत्रात काही बिघाड नव्हता. या खोलीत सिग्नलच्या वाटेत येणारं अंग एकच होतं, आणि ते माझं होतं.

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय निळ्या खडूच्या रिंगणात होते.

मला रडू आलं. कुणाला सांगणार होते मी? दादाला? व्यायामवालीला? सगळ्यांना हवं होतं ते झालं होतं. नेट जात नव्हतं. फॉर्म फाटला होता. आई घरीच राहणार होती, मी हट्ट धरला होता तशीच. भिंतीपलीकडून ती तीन दिवस नाही, नाही म्हणत होती, आणि मी कोपऱ्यात बसून दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत होते.

"आई," मी म्हणाले.

पलंगावर हालचाल झाली. पांघरुणाखाली दोन्ही पाय एकदम, अगदी नीट, वर ओढले गेले. डावा आणि उजवा. कडेला एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली. मग तिचा उजवा हात, चौदा महिने मीच उचलून मीच ठेवलेला हात, हळूहळू पुढे आला आणि त्यानं त्या मोकळ्या जागेवर दोनदा थोपटलं. बस, अशा अर्थानं.

कट्ट्यावरचा आकडा ऐंशीवर स्थिर होता.

"राहू दे," मी म्हणाले.